कुंपणाबाहेरून पाहिलेली ट्रायआउट

गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, शिकागोच्या नेपरव्हिल या उपनगराजवळच्या एका मैदानावर, सॉफ्टबॉल या बेसबॉलसारख्या खेळाच्या ट्रायआउटसाठी, म्हणजे संघनिवडीच्या चाचणीसाठी, माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर मी ४७ हा आकडा छापलेला कागद चार सेफ्टी पिनांनी लावला आणि कुंपणाबाहेर जाऊन उभी राहिले. तिच्या वयोगटात त्या संध्याकाळी साठाहून अधिक मुली आल्या होत्या आणि संघात जागा होत्या बारा. त्या बारांपैकी आठ जागा आदल्या वर्षीच्या मुलींसाठी जवळजवळ ठरलेल्याच आहेत, ही गोष्ट मला दोन तासांनंतर पार्किंगमध्ये दुसऱ्या एका आईकडून कळली. ती आधी कळली असती तरी मी मुलीला तिथे नेलेच असते. पण तिला काय सांगून न्यायचे, ते वेगळे ठरवले असते. हा लेख त्या फरकाविषयी आहे.

इथे अमेरिकेत बहुतेक पालकांना ही सारी पद्धत घरातूनच ठाऊक असते. आई शाळेत सॉफ्टबॉल खेळलेली असते, काका एखाद्या संघाचा कोच असतो, थोरल्या बहिणीच्या ट्रायआउट पाहून धाकटी तयार झालेली असते. आपल्या मराठी घरांत टेनिस, पोहणे किंवा क्रिकेट यांविषयी विचारायला चार माणसे भेटतात, पण सॉफ्टबॉलचा विषय मी गणपतीच्या कार्यक्रमात काढला तेव्हा सगळ्यांनी कौतुकाने ऐकले आणि सल्ला मात्र कोणालाच देता आला नाही. ज्यांची मुलगी या खेळात नुकतीच रमू लागली आहे, त्यांच्यासाठी आम्हाला कळलेले लिहून ठेवावे असे तेव्हाच मनात आले.

आमच्या भागात पार्क डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे स्थानिक उद्यान-क्रीडा संस्थेच्या, हौशी रेक लीगमध्ये नाव नोंदवले आणि थोडी फी भरली की प्रत्येक मुलीला संघ मिळतो. गावोगावी स्पर्धांना जाणाऱ्या क्लबांचे ट्रॅव्हल सॉफ्टबॉल मात्र निवडीचे असते. ऑगस्टमध्ये निवड होते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थोडे सामने होतात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बंदिस्त जागेत सराव चालतो आणि वसंत ऋतूपासून जुलैअखेरपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी शनिवार-रविवारची स्पर्धा असते. शनिवारी गटातले सामने, त्यांवरून रविवारची बाद फेरी, आणि त्या दोन दिवसांसाठी कधी दोन तासांचा तर कधी सहा तासांचा प्रवास. म्हणजे ट्रायआउटला जाताना आपण एका संध्याकाळच्या परीक्षेला जात नसून घरातल्या सगळ्यांचे एक पूर्ण वर्ष कोणाच्या हाती सोपवायचे ते ठरवायला जात असतो. धाकट्या भावाचे वाढदिवस, भारतातून आलेल्या आजी-आजोबांबरोबरचे रविवार, हे सगळे त्या वेळापत्रकात बसवावे लागते.

हिवाळ्यातल्या बंदिस्त सरावाची मला आधी गंमत वाटत असे, पण हा खेळ जन्मलाच मुळी छताखाली. १८८७ साली थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये जमलेल्या मंडळींनी बॉक्सिंगचा एक ग्लव्ह दोरीने बांधून त्याचा चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याने तो टोलवायला सुरुवात केली. त्या खेळाला नियम घालून देणारे जॉर्ज हॅनकॉक हे पत्रकार होते. शिकागोत आजही १६ इंच परिघाच्या मोठ्या चेंडूने, हातात ग्लव्ह न घालता सॉफ्टबॉल खेळणारे लोक आहेत आणि आमचे शेजारी त्यांपैकी एक आहेत. आपल्याकडेही हा खेळ अगदी परका नाही. जळगावची माझी मामेबहीण शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल खेळलेली आहे, आणि माझ्या मुलीला ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत येणारा चेंडू, कसा अडवायचा हे व्हिडिओ कॉलवर बसून दाखवणारी घरातली पहिली व्यक्ती तीच.

मुलगी दहा वर्षांखालील गटातून बारा वर्षांखालील गटात गेली की खेळ खरोखरच बदलतो. ११ इंच परिघाच्या चेंडूऐवजी १२ इंचांचा चेंडू हातात येतो आणि पिचर ३५ फुटांऐवजी ४० फुटांवरून चेंडू टाकते. बेसमधले, म्हणजे पळत गाठायच्या टप्प्यांमधले, अंतर ६० फूटच राहते, पण पळणाऱ्या मुली अधिक वेगवान असतात. ताशी ५० मैलांनी आलेला चेंडू ४० फुटांचे अंतर अर्ध्या सेकंदाच्या आसपास पार करतो, आणि तेवढ्या वेळात मारायचे की सोडायचे ते ठरवून बॅट फिरवायची असते. आदल्या वर्षी उत्तम खेळणारी मुलगी या गटात आल्यावर काही महिने चाचपडते. ही गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती, त्यामुळे जुलैत तिची बॅट चालेनाशी झाली तेव्हा आम्ही तिच्या मेहनतीवर शंका घेतली. त्याबद्दल मला अजून वाईट वाटते.

मी कऱ्हाडला शाळेत असताना खो-खो खेळायचे. तालुक्याच्या संघासाठी निवड चाचणी असे, आणि दुसऱ्या दिवशी नावांची यादी शाळेच्या फलकावर लागत असे. ज्या वर्षी माझे नाव नव्हते त्या वर्षी मी घरी काहीच बोलले नाही आणि बाबांनीही विचारले नाही, कारण चाचणी होती हेच त्यांना माहीत नव्हते. ती पद्धत निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. पण तिथे निवड करणाऱ्या सरांना माझ्या निवडीतून एक पैसाही मिळत नव्हता. इथे निवड करणारा आणि फी घेणारा क्लब एकच असतो. मला समजायला सर्वांत जास्त वेळ लागलेली गोष्ट हीच आहे. मोठ्या क्लबचे एकेका वयोगटात दोन-दोन, तीन-तीन संघ असतात. पहिला संघ नावाजलेला असतो आणि त्या नावाच्या ओढीने आलेल्या मुलींमधून पुढचे संघ भरले जातात. त्यात फसवणूक असतेच असे नाही, कारण दुसऱ्या संघातही चांगले कोच आणि चांगला सराव मिळू शकतो. पण निवडीचा फोन आला म्हणजे मुलीच्या खेळाला पावती मिळाली असे समजणे चूक आहे, आणि फोन आला नाही म्हणजे तिला खेळता येत नाही असे समजणे त्याहून मोठी चूक आहे.

प्रत्यक्ष ट्रायआउट साधारण दोन-अडीच तासांची असते. सुरुवातीला मुली जोडीजोडीने चेंडू फेकतात, मग गट पाडून एका ठिकाणी ग्राउंडर, दुसऱ्या ठिकाणी उंच चेंडू, तिसऱ्या ठिकाणी बॅटिंग आणि कुठेतरी स्टॉपवॉच लावून बेसभोवती धावणे चालते. पिचर आणि कॅचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या आणि बॅट करणारीच्या मागे तो झेलणाऱ्या, मुलींना बाजूला घेऊन वेगळे पाहतात. आम्ही सगळे पालक बॅटिंगच्या जाळीपाशी गर्दी करून उभे होतो, कारण आपल्या मते तीच परीक्षा होती. कोचमंडळी मात्र पहिल्या पंधरा मिनिटांत, मुली नुसत्या हात मोकळे करत असताना, वह्यांत भराभर लिहीत होती. चेंडू फेकण्याची पद्धत बघून त्यांना मुलीने किती आणि कसे शिकलेले आहे ते कळते. पुढे आमच्याच कोचने मला सांगितले की, चेंडू हातातून सुटल्यावर मुलगी काय करते ते त्या आवर्जून पाहतात: ती मागे पळते का, जोडीदारणीकडे बघते का, की लगेच वळून कुंपणाबाहेर आईबाबांचा चेहरा शोधते. माझी मुलगी त्या संध्याकाळी तीन वेळा माझ्याकडे वळली. तिसऱ्या वेळेनंतर मी गाडीत जाऊन बसले, आणि नंतरच्या दोन्ही ट्रायआउटना मी तिला सोडून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फेऱ्या मारत राहिले.

पिचरविषयी थोडे सांगते. बारा वर्षांखालील गटात चांगल्या पिचर फार कमी असतात, त्यामुळे जिला स्ट्राइक, म्हणजे मारता येईल अशा टप्प्यातले अचूक चेंडू, टाकता येतात तिच्यासाठी बहुतेक दरवाजे उघडतात. हे पाहून अनेक पालक मुलीला घाईघाईने पिचिंगच्या शिकवणीला घालतात. खांद्याभोवती पूर्ण हात फिरवून चेंडू टाकण्याची ती क्रिया वर्षानुवर्षांच्या रोजच्या सरावाने येते आणि बादली उलटी घालून त्यावर बसून चेंडू झेलणारे कोणीतरी घरात लागते. मुलीला स्वतःला ती ओढ असेल तर जरूर करावे. संघात जागा मिळावी एवढ्यासाठी तिला पिचरच्या वर्तुळात उभे करू नये, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या क्लबचा फोन त्याच रात्री पावणेदहा वाजता आला. तिची निवड दुसऱ्या संघात झाली होती, त्या संघाचा कोच अजून ठरायचा होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत परत न मिळणारे ५०० डॉलर भरले नाहीत तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. माझे यजमान लगेच भरायला तयार झाले, कारण मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती आणि तिचा चेहरा फुलला होता. मला मात्र कोच कोण हे माहीत नसताना वर्ष सोपवायचे पटेना. आम्ही फोन करून दोन दिवसांची मुदत मागितली. ती मिळाली नाही. इतर क्लबांच्या ट्रायआउट व्हायच्या आत मुलींना बांधून घेण्यासाठी असे केले जाते हे मला नंतर समजले. अकरा वर्षांच्या मुलीच्या घरच्यांना रात्रभराची मुदत देणे मला त्या वेळी अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते. आम्ही नकार दिला. तो निर्णय मुलीला समजावून सांगताना मला जितके जड गेले तितके त्या संपूर्ण महिन्यात दुसरे काहीच गेले नाही.

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून प्रश्न लिहून काढले, आणि पुढच्या कोणत्याही कोचला ते विचारल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत असे ठरवले. संघात एकूण किती मुली घेणार? मैदानात एका वेळी नऊच जणी असतात, त्यामुळे अकरा मुलींचा संघ आणि चौदा मुलींचा संघ यांत बाकावर बसण्याचा फरक मोठा पडतो. गटातल्या सामन्यांत सगळ्यांना बॅटिंग देणार का? अनेक स्पर्धांत तशी मुभा असते, पण ती वापरायची की नाही हे कोच ठरवतो. महत्त्वाच्या सामन्याला बाहेरून पाहुणी खेळाडू बोलावणार का, आणि बोलावली तर कोण बसणार? कोचची स्वतःची मुलगी संघात आहे का, आणि ती कोणत्या जागी खेळते? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. आपल्या मुलीसाठी म्हणून मैदानात उतरलेले आणि इतर अकरा मुलींना तितक्याच मायेने शिकवणारे बाबा मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही ज्या जागेवर आपल्या मुलीला खेळायचे आहे ती जागा आधीच भरलेली आहे का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

दुसऱ्या ट्रायआउटची तिने महिनाभर वाट पाहिली होती, कारण तिची जिवलग मैत्रीण त्या संघात होती. तिथे तिची निवड झाली नाही. तीन दिवसांनी ईमेल आला, त्यात आभार होते आणि पुढच्या वर्षी पुन्हा या असे लिहिले होते. ईमेल मी गाडीत वाचला, ती मागच्या सीटवर होती, आणि माझ्या गप्प बसण्यावरूनच तिला कळले. थोड्या वेळाने मी म्हणाले, “त्या दोन उंच चेंडूंना तू जरा उशिरा धावलीस ना…” तेवढ्यात तीच म्हणाली, “आई, मला माहितेय काय चुकलं ते. तू परत नको ना सांगू.” त्यानंतर घरापर्यंत कोणीच बोलले नाही. घरी गेल्यावर तिने वरणभात खाल्ला, आणि अंधार पडेपर्यंत गॅरेजच्या दारावर चेंडू मारत बसली. मी आत भांडी आवरत तो आवाज मोजत होते. मैत्रिणीला फोन करायला तिला चार दिवस लागले. ते चार दिवस मी काही करू शकत नव्हते, आणि काही करण्याची घाई न करणे हेच त्या वेळी माझे काम होते, हे मला आता कळते.

तिसरा क्लब लहान होता. १९ मुली आल्या होत्या. तिथल्या कोच कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेल्या तरुण बाई होत्या, त्यांची मुलगी संघात नव्हती, आणि पाठीवरचा आकडा न बघता त्या पहिल्या अर्ध्या तासात बहुतेक मुलींना नावाने हाक मारू लागल्या होत्या. एका मुलीच्या तोंडासमोर चेंडू उसळला आणि ती दचकून बाजूला झाली, तेव्हा त्या तिच्याजवळ गेल्या, तिच्या चेहऱ्यावरचा मास्क नीट केला, दोन पावले पुढे येऊन चेंडू उसळण्याआधीच कसा घ्यायचा ते दाखवले आणि पुढचा चेंडू मुद्दाम हळू मारला. ती मुलगी अखेर त्या संघात आली नाही. तिला घ्यायचे नाही हे त्या क्षणी कदाचित त्यांना ठाऊकही असेल, तरी त्यांनी तिला शिकवले. मी तेव्हाच मनाशी ठरवून टाकले. त्यांनी आमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली, बारा मुली घेणार असे सांगितले, आणि रविवारच्या सामन्यांत खेळण्याची हमी मात्र मी देणार नाही असेही स्पष्ट सांगितले. ती न दिलेली हमी मला पहिल्या क्लबच्या गोड बोलण्यापेक्षा अधिक भरवशाची वाटली. विचार करायला त्यांनी आम्हाला चार दिवस दिले.

पैशांचे थोडक्यात सांगते. आमच्या संघाची वर्षाची फी २,१०० डॉलर होती, आणि त्यात स्पर्धांची प्रवेश फी, हिवाळ्यातली जागा आणि गणवेश येत होता. प्रवास, हॉटेले आणि बॅट वेगळी. काही स्पर्धांत आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच राहावे लागते, त्यामुळे तो खर्च आधी विचारून घ्यावा. नव्या बॅटची किंमत ३०० डॉलरच्या वर सहज जाते. मुलगी वाढत्या वयात असताना आम्ही वापरलेली बॅट घेतली आणि तिचे काहीही अडले नाही.

कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा विषय या वयातही निघतो. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात, हे ऐकत आपण वाढलो, त्यामुळे खेळातून पुढे काय मिळणार हा प्रश्न आपल्याला चटकन सुचतो. पण एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज-क्रीडा संघटनेच्या २०१८च्या नियमानुसार वरच्या विभागातल्या कॉलेजांचे कोच मुलगी अकरावीत जाईपर्यंत, म्हणजे त्या वर्षाच्या १ सप्टेंबरपर्यंत, तिच्याशी प्रवेशाचे बोलूच शकत नाहीत. अकरा-बारा वर्षांच्या मुलीच्या पालकांना कोणी कॉलेजच्या ओळखी दाखवून फी मागत असेल तर तिथे थांबून विचार करावा. माझ्या मुलीचे स्वप्न सध्या याहून साधे आहे: २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परत येणार आहे, त्याचे सामने ओक्लाहोमा सिटीत होणार आहेत, आणि तिला ते मैदानात बसून पाहायचे आहेत.

वर्ष कसे गेले? संघ जिंकला त्याहून जास्त वेळा हरला. शनिवारी ती सेकंड बेसवर खेळायची, रविवारी बऱ्याचदा बाकावर असायची. मे महिन्यात एका रविवारी ती दोन्ही सामने बसून राहिली, तेव्हा यजमानांनी कोचना लांबलचक ईमेल लिहायला घेतला. मुलीने तो पाहिला आणि म्हणाली, “बाबा, मीच विचारते.” मंगळवारच्या सरावाआधी ती एकटी कोचकडे गेली, आम्ही गाडीतूनच पाहिले, आणि पाच मिनिटांनी धावत येऊन तिने सांगितले की तिला फर्स्ट बेसकडे फेकताना पाय वळवायला शिकायचे आहे आणि कोच दर मंगळवारी पंधरा मिनिटे आधी येणार आहेत. जुलैतल्या शेवटच्या स्पर्धेत ती रविवारी दोन सामने पूर्ण खेळली.

या वर्षी पुन्हा ऑगस्ट आला आहे, आणि आधीच्या संघातल्या मुलींनाही नव्याने ट्रायआउट द्यावी लागते. तिला मैत्रिणीच्या संघातही पुन्हा एकदा प्रयत्न करायचा आहे. या वेळी आम्ही जूनमध्येच परवानगी घेऊन त्या संघाचा एक सराव पाहून आलो, आणि किती जागा रिकाम्या आहेत ते विचारले. तीन आहेत. हे मी तिला जसेच्या तसे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “तरी जाऊ या.” तिच्या कोचना हे तिने स्वतःच कळवले आहे. सेफ्टी पिना मी तिच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवल्या आहेत.